खात्रीचा शिक्का : खानदेशातील जुन्या मोटारीच्या बाजाराची पूर्वपीठिका

(दीर्घ धागा)

१/ १ एप्रिल २०२३ या एकाच दिवशी दोन बाजारांचे नियम बदलले. जळगावच्या सराफ बाजारासह देशभर सहा अक्षरअंकी ओळख क्रमांक नसलेले हॉलमार्कचे दागिने विकण्यास बंदी आली. आधीच जाहीर केलेल्या जुन्या साठ्यापुरती काही सराफांना थोडी मुदत मिळाली, एवढेच. त्याच दिवसापासून जुन्या मोटारींचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी परिवहन खात्याच्या अधिकृततेचे नवे नियम लागू झाले. एक बाजार सोन्याचा, दुसरा लोखंडाचा. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच : विकणाऱ्याला जे ठाऊक आहे, ते घेणाऱ्याला कसे कळावे?

२/ आज जळगाव किंवा धुळ्यातील एखादे शिक्षक दाम्पत्य, केळीचा बागायतदार किंवा लहान दुकानदार घरातली पहिली चारचाकी घेतो, तेव्हा ती पुष्कळदा जुनीच असते. अशा वेळी ‘सर्टिफाइड’ हा शब्द समोर येतो. तपासलेली, हमी दिलेली, कागदपत्रे स्वच्छ असलेली गाडी, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. हा शब्द नवा असला तरी त्यामागची गरज खानदेशाला दीडशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे.

३/ प्रथम जनावरांचा बाजार. तापीच्या काठी सारंगखेडा येथे मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीस, यात्रा भरते. तिथला घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. सारंगखेडा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ रोजी तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते. घोडा ही त्या काळची मोटारच. प्रवासाची, प्रतिष्ठेची आणि फसवणुकीची शक्यता भरपूर असलेली वस्तू.

४/ म्हणून खरेदीदाराने स्वतःचे तपासणीशास्त्र घडवले होते. वय दातांवरून ओळखायचे, अंगावरचे भोवरे पाहायचे, ‘देवमण’ असल्यास शुभ मानायचे, चालवून आणि पळवून खोड शोधायची. ‘खोड’ हा शब्दच इथे बोलका आहे : उभ्या जनावरात न दिसणारा, घरी नेल्यावर उमगणारा दोष. फुकट मिळालेल्या गायीचे दात मोजू नयेत, ही म्हण उलटी वाचली, तर पैसे मोजून घेतलेल्या जनावराचे दात मोजलेच पाहिजेत, असा बाजाराचा नियम निघतो.

५/ गुरांच्या बाजारात भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत असे. दलाल दोन्ही बाजूंना ओळखणारा असे आणि त्याचा शब्द हीच हमी. या हमीत एक बळ होते : दलालाला पुढच्या आठवड्यात त्याच बाजारात उभे राहायचे असे. दुबळेपणाही तिथेच होता. घेणारा परगावचा असेल आणि पुन्हा भेटणार नसेल, तर शब्दाचे वजन कमी होई. ओळखीवर उभा असलेला विश्वास ओळखीच्या वर्तुळाबाहेर फार दूर जात नाही.

६/ हे वर्तुळ कापसाने मोडले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोचली. आता शेतकरी आणि अंतिम ग्राहक यांच्यात हजारो मैलांचे अंतर होते. भाव चढला तशी भेसळही वाढली. कापूस ओला करणे, त्यात सरकी, माती किंवा हलक्या प्रतीचा कापूस मिसळणे, हे प्रकार सरकारदरबारी चर्चेचा विषय झाले.

७/ त्यावर १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातील लबाडी रोखण्यासाठी खास कायदा केला. निरीक्षक नेमले गेले, भेसळ हा दंडनीय अपराध ठरला, आणि या यंत्रणेचा खर्च कापसावरील आकारणीतून काढण्याची सोय झाली. पुढे हे खाते गुंडाळले गेले. पण त्यातून उभा राहिलेला प्रश्न टिकून राहिला. तपासणीचा खर्च कोणी द्यायचा, आणि तपासणारा चुकला तर तोटा कोणाचा?

८/ दुसरा प्रयत्न अधिक चतुर होता. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसचे ठरावीक चिन्ह आणि अनुक्रमांक उमटवणे बंधनकारक केले. निरीक्षकाने प्रत्येक गाठ फोडून पाहण्याची गरज उरली नाही. मँचेस्टरला गाठीत खोट निघाली, तर ती कोणत्या प्रेसमधून निघाली हे क्रमांकच सांगू शके. वस्तू हात बदलत गेली, तरी तिच्या उगमाची आठवण तिच्या अंगावर राहिली. मोटारीचा चासी क्रमांक आणि दागिन्यावरील ओळख क्रमांक याच कल्पनेचे वंशज म्हणावे लागतील.

९/ तिसरा प्रयत्न बाजाराच्या आवाराचा. वऱ्हाडात १८९७ मध्येच कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला होता. मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा आला आणि त्याखाली नियंत्रित झालेल्या सुरुवातीच्या बाजारांत धुळे अग्रभागी होते. वजनमापे प्रमाणित करणे, अडत-हमाली-तोलाईचे दर ठरवणे, मनमानी कपातींना आळा घालणे आणि तंटा झाल्यास तो सोडवण्यासाठी समितीची व्यवस्था ठेवणे, असे या पद्धतीचे स्वरूप होते. व्यवहार कोणत्या नियमांनी व्हावा, हे आता केवळ बलवान पक्षाच्या मर्जीवर उरले नाही.

१०/ या तीन प्रयत्नांतून खात्रीचे तीन घटक हाती लागतात. वस्तूची तपासणी, वस्तूवर न पुसणारा क्रमांक, आणि चूक झाल्यास जबाबदारी निश्चित करणारा नियम. जुन्या मोटारीच्या बाजारात हे तिन्ही घटक आले. परंतु एकाच वेळी आले नाहीत आणि अद्यापही सारख्याच बळाने उभे नाहीत.

११/ खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे विभाजन झाले. जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे. मोटारींसाठी १९१४ मध्ये पहिला अखिल भारतीय कायदा झाला आणि १९३९ मध्ये अधिक व्यापक कायद्याने त्याची जागा घेतली. क्रमांक आणि नोंदणी हे मोटारीला प्रारंभापासूनच चिकटले. घोड्याला सातबारा नव्हता. मोटारीला मात्र जवळजवळ जन्मापासूनच सरकारी दप्तरात स्वतःचे पान मिळाले.

१२/ स्वातंत्र्यानंतर मोटार ही टंचाईची वस्तू झाली. मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि कोलकात्याकडची हिंदुस्थान मोटर्स यांच्या हाती बाजाराचा मोठा हिस्सा होता. १९५९ च्या सरकारी आदेशाने मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण आले. किमतीवरही अंकुश होता. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

१३/ याचा चमत्कारिक परिणाम असा की, नव्या मोटारीची नियंत्रित किंमत आणि जुन्या मोटारीची बाजारातील किंमत यांचे नेहमीचे नाते उलटे होऊ शके. आज हाती येणारी जुनी फियाट ही अनेक वर्षांनी मिळणाऱ्या नव्या फियाटपेक्षा मोलाची ठरे. अशा बाजारात ‘गाडी चांगली आहे का’ याआधी ‘गाडी मिळते का’ हा प्रश्न येतो. टंचाई असते तिथे ग्राहक चिकित्सा करत नाही, तो आभार मानतो.

१४/ त्या काळातील हमीदार होता गॅरेजमधला मेस्त्री. बोनेट उघडून, इंजिनाचा आवाज ऐकून, सायलेन्सरच्या धुराचा रंग पाहून तो निवाडा देई. जोडीला विक्रेत्याची ठरलेली वाक्ये असत : डॉक्टरची गाडी आहे, एकाच हातची आहे, फक्त लग्नकार्याला बाहेर काढत. रुमालाखालच्या दलालाचेच हे नवे रूप. मेस्त्रीचे ज्ञान खरे असे; पण त्याच्या निवाड्याला कागद नसे आणि चूक निघाली तर दाद मागण्याची जागाही नसे.

१५/ कायदाही खरेदीदाराच्या पाठीशी फारसा उभा नव्हता. १९३० च्या माल विक्री कायद्याचे मूळ तत्त्व ‘घेणाऱ्याने सावध असावे’ हेच आहे. विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून, आपला हेतू सांगून वस्तू घेतली असेल तर संरक्षण मिळते, असे काही अपवाद त्यात आहेत. मात्र एका खाजगी माणसाने दुसऱ्याला विकलेल्या जुन्या मोटारीत या अपवादांचा आधार क्वचितच मिळे.

१६/ १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. १९९१ नंतरच्या उदारीकरणात परदेशी कंपन्या आल्या. टंचाई ओसरली आणि दर काही वर्षांनी गाडी बदलणारा वर्ग तयार झाला. त्याने सोडलेली गाडी पुढच्या घराची पहिली गाडी होऊ लागली. आज देशात वर्षभरात विकल्या जाणाऱ्या जुन्या मोटारींची संख्या नव्या मोटारींच्या पुढे गेली आहे. टंचाई संपली आणि खोडीचा प्रश्न पुन्हा वर आला.

१७/ याच प्रश्नावर अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला होता. तर्क साधा आहे. चांगली व खराब गाडी बाहेरून सारखीच दिसत असेल, तर ग्राहक दोन्हींसाठी मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि खराब गाडीचा मालक आनंदाने विकतो. हळूहळू बाजारात खोडकर गाड्यांचाच भरणा होतो.

१८/ ॲकरलॉफ यांनी १९६७-६८ हे वर्ष भारतात काढले होते. मोटारींसाठी गाजलेल्या या निबंधात भारतीय गृहिणीचाही उल्लेख आहे : बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे निवडणारी गृहिणी. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या लेखनासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अमेरिकी मोटारीचा सिद्धान्त आणि खानदेशी कापसातली माती यांतील नाते इतके जवळचे आहे.

१९/ योगायोगाने त्याच २००१ साली मारुतीने ‘ट्रू व्हॅल्यू’ ही जुन्या गाड्यांची साखळी सुरू केली. टोयोटाची ‘यू ट्रस्ट’ २००७ मध्ये, महिंद्राची ‘फर्स्ट चॉइस’ २००८ मध्ये आली. नावांतच मूल्य, विश्वास आणि निवड हे शब्द आहेत, हे लक्षणीय. ‘ट्रू व्हॅल्यू’ची जाहिरात ३७६ मुद्द्यांच्या तपासणीचा आणि प्रमाणित गाडीला एक वर्षापर्यंतच्या हमीचा दावा करते. दात, भोवरे आणि चाल पाहणाऱ्या डोळ्यांची जागा छापील तक्त्याने घेतली.

२०/ या दालनांचे खरे बळ तक्त्यापेक्षाही स्मृतीत आहे. कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत झालेली प्रत्येक सर्व्हिसिंग चासी क्रमांकाखाली संगणकात नोंदलेली असते. मीटर मागे फिरवून किलोमीटर कमी दाखवता येतील. तीन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसिंगच्या नोंदीतील आकडा मात्र तसाच राहतो. कापसाच्या गाठीवरील अनुक्रमांकाने जे काम केले, तेच इथे ही नोंद करते. म्हणून प्रमाणपत्राइतकाच, किंबहुना त्याहून अधिक आग्रह सर्व्हिसिंगच्या संपूर्ण इतिहासासाठी धरणे शहाणपणाचे ठरते.

२१/ तरीही एक भेद विसरता येत नाही. १८६३ चा निरीक्षक कापूस विकत नव्हता. दागिन्याचे हॉलमार्किंग सराफाच्या दुकानात नव्हे, मान्यताप्राप्त केंद्रात होते. प्रमाणित मोटारीत मात्र बहुधा विकणारा आणि तपासणारा एकच असतो. त्याचे प्रमाणपत्र खोटे असते असा याचा अर्थ नाही; त्याचे वजन त्यासोबत लिहून दिलेल्या हमीइतकेच असते, एवढाच अर्थ आहे. इंजिन व गिअरबॉक्स हमीत आहेत का, क्लच, टायर, बॅटरी वगळली आहे का, हमी कोणत्या कार्यशाळेत चालते, हे कागदावर वाचावे लागते. दर्शनी शिक्का यांपैकी काहीच सांगत नाही.

२२/ यंत्राइतकीच महत्त्वाची गोष्ट कागदाची. शेतजमीन घेणारा खानदेशी माणूस सातबारा पाहतो, बोजा तपासतो आणि फेरफार नोंदवून घेतो. मोटारीचा सातबारा म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. त्यावर कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव असेल, तर तो बोजा. कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि नमुना ३५ यांवरून तो उतरवल्याखेरीज व्यवहार स्वच्छ होत नाही. फेरफारासाठी नमुना २९ व ३०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे, अशी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची अपेक्षा आहे. विम्याचे हस्तांतरही १४ दिवसांत मागावे लागते.

२३/ ही केवळ औपचारिकता नव्हे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात एक गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती; नोंदणी मात्र पहिल्या मालकाच्याच नावे राहिली. अपघात झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, दप्तरी ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. सही करून दिलेले कोरे नमुने दलालाच्या हाती ठेवून निश्चिंत झालेल्या प्रत्येक विक्रेत्यासाठी हा निर्णय म्हणजे इशारा आहे.

२४/ भूगोलामुळे खानदेशात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे मार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. गुजरात आणि मध्य प्रदेशच्या सीमा जवळ आहेत. एमएच-१८ धुळ्याचा, एमएच-१९ जळगावचा. परंतु रस्त्यावर जीजे आणि एमपी पाट्यांच्या गाड्याही कमी नसतात. परराज्यातील गाडी घेताना मूळ कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासोबत कराचा हिशेब येतो. स्वस्त वाटलेली गाडी इथे महाग पडू शकते.

२५/ सीमेपलीकडून आणखी एक गोष्ट येऊ शकते : पाणी. खानदेशातून वाहत जाणारी तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. ऑगस्ट २००६ मध्ये तिच्याच पुराने सुरत बुडाली होती. कोणत्याही मोठ्या पुरानंतर पाण्याखाली गेलेल्या मोटारी धुऊनपुसून बाजारात येण्याचा धोका असतो. आसनांखालचा गंज, गालिच्याखालचा गाळ आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास या तीन ठिकाणी ही खोड सापडते. गाडी चकचकीत असणे हा याबाबतीत पुरावा नव्हे.

२६/ आता २२ डिसेंबर २०२२ ची अधिसूचना. तिने जबाबदारीचा तिसरा घटक प्रथमच ठळक केला. मालकाने गाडी अधिकृत विक्रेत्याकडे सोपवल्याची सूचना नोंदवली, की तो विक्रेता कायद्याने मानीव मालक होतो. ताब्यातील गाडीची आणि तिच्या हातून घडणाऱ्या घटनांची जबाबदारी त्याच्यावर येते. चाचणी, प्रदर्शन, दुरुस्ती यांसारख्या कारणांखेरीज त्याने ती रस्त्यावर आणायची नाही, आणि प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक वहीत ठेवायची. अधिकृतता पाच वर्षांची. दलालाच्या हातातील कोऱ्या सहीच्या कागदांना हे कायद्याचे उत्तर आहे.

२७/ मात्र हा नियम मालकीची खात्री देतो, इंजिनाची नव्हे. परिवहन खात्याने ‘अधिकृत’ ठरवलेला विक्रेता आणि कंपनीने ‘प्रमाणित’ ठरवलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात त्या एकाच दमात उच्चारल्या जातात. पहिली विचारल्यावर अधिकृतता प्रमाणपत्र दिसले पाहिजे. दुसरी विचारल्यावर तपासणीचा भरलेला तक्ता आणि हमीचा कागद.

२८/ दालनातील गाडी खाजगी व्यवहारापेक्षा महाग का, याचेही उत्तर इथेच आहे. तपासणी, दुरुस्ती, हमी आणि विक्रेत्याचा नफा तिच्या किमतीत असतो. शिवाय नोंदणीकृत व्यावसायिकाच्या नफ्याच्या भागावर वस्तू व सेवा कर लागतो. डिसेंबर २०२४ मधील परिषदेच्या निर्णयानंतर तो सरसकट १८ टक्के झाला. एका सामान्य नागरिकाने दुसऱ्याला विकलेल्या गाडीवर तो नाही. ही जादा रक्कम म्हणजे प्रत्यक्षात विश्वासाची किंमत, आणि किंमत मोजली असेल तर हिशेब मागण्याचा अधिकारही येतो.

२९/ तो अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. व्यावसायिकाकडून घेतलेल्या गाडीत दडवलेला दोष निघाला, तर खरेदीदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. विक्रेत्याचे मुख्य कार्यालय मुंबईत असले तरी जळगावकराने जळगावात आणि धुळेकराने धुळ्यात दाद मागावी. मुदत दोन वर्षांची. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीस शुल्क नाही. ओळखीच्या माणसाकडून खाजगीरीत्या घेतलेल्या गाडीला हे दार सहसा उघडत नाही. म्हणून पावती, जाहिरातीची प्रत आणि तपासणीचा तक्ता जपून ठेवणे, हे गाडीला तेल घालण्याइतकेच आवश्यक आहे.

३०/ घोडेबाजारापासून दालनापर्यंतच्या या प्रवासात अविश्वास नाहीसा झालेला नाही; त्याने फक्त जागा बदलली. आधी तो जनावरावर होता, मग दलालावर, मग मेस्त्रीवर, आता प्रमाणपत्रावर आहे. कापसाच्या काळात तपासणीच्या खर्चाचा भार कापसावर पडला आणि निरीक्षक गेले तरी शेतकऱ्याची अडवणूक उरली. ती रोखण्यासाठी वजनकाटा, क्रमांक आणि तंटा सोडवणारी समिती यांची गरज भासली. प्रमाणित मोटारीचेही तसेच आहे. ‘ही गाडी चांगली आहे का?’ या प्रश्नाला कोणताही विक्रेता होकारच देईल. ‘ती चांगली नाही निघाली, तर कोणी किती द्यायचे, आणि हे कुठे लिहिले आहे?’ या प्रश्नाचे उत्तर जो कागदावर देतो, त्याच्याच शिक्क्याला किंमत आहे.

(धागा समाप्त)